कागद घरी ठेवून निघालो: एस्टाकाडा, सिॲटल आणि स्नोक्वाल्मीचा बोगदा

सात वर्षांपूर्वी कोलंबिया गॉर्जमधल्या एका ओढ्याकाठी मी बत्तीस पानांचा ओला लगदा हातात धरून उभी होते. घरच्या प्रिंटरवर काढलेली जिओकॅशची पानं प्लास्टिकच्या फोल्डरात नीट घातली होती, तरी ओरेगॉनच्या पावसाने फोल्डरचं तोंड शोधलंच. शाई पसरली, हिंट वाचता येईना, आणि पायवाटेचा फाटा जिथे लिहिला होता नेमकं ते पान शेजारच्या पानाला चिकटून फाटलं. त्या दिवशी कागद सोडला तो सोडलाच. आता जे काही लागतं ते सगळं हातातल्या जीपीएसमध्ये आणि फोनमध्ये असतं. या सप्टेंबरात याच पद्धतीने तीन दिवसांची एक मोठी फेरी झाली. त्या वाटेने कुणी जाणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉम या संकेतस्थळावर देतो. आपण तिथवर जायचं, डबा शोधायचा, आतल्या लॉगबुकात नाव लिहायचं, डबा होता तसाच परत ठेवायचा आणि घरी येऊन ‘सापडला’ म्हणून नोंद करायची. त्या डब्याला कॅश म्हणतात.

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे ओरेगॉनमधल्या हिल्सबरोला आले होते. वय बहात्तर, पण गुडघे अजून ठणठणीत. तरुणपणी सह्याद्रीत खूप हिंडलेले. वाटा गावकऱ्यांना विचारायच्या आणि वहीत उतरवायच्या: ‘आंब्यापासून डावीकडे, मग पाण्याचं टाकं, टाक्याच्या वर कातळात पावठ्या.’ त्या वह्या अजून घरी जपून ठेवल्या आहेत. अशा माणसाला हा खेळ दाखवायचा तर मुळापासूनच दाखवावा असं मनात होतं. बरोबर माझी दहा वर्षांची मुलगी.

ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या शेजारच्या राज्यांत तीन जागा अशा आहेत की जगभरातले कॅशर त्यांच्यासाठी इकडे येतात. पहिली, एस्टाकाडाजवळची, जिथे जगातला पहिला डबा ठेवला गेला. दुसरी, सिॲटलमधलं जिओकॅशिंगचं, म्हणजे ते संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीचं, मुख्यालय. तिसरी, स्नोक्वाल्मी खिंडीतला प्रोजेक्ट एप या मालिकेतला डबा. तिन्ही मिळून ‘ट्रायड’. संकेतस्थळावर शोधायला त्यांचे क्रमांक असे: जीसीजीव्ही०पी, जीसीके२५बी आणि जीसी११६९.

गुरुवार रात्र: जेवणाच्या टेबलावर

तयारीला दोन तास लागले. कागद सोडायचा म्हणजे हे दोन तास द्यायचे. नवीन माणूस महागडा जीपीएस घेतो आणि डोंगरात गेल्यावर त्यात नुसते ठिपके असतात, वर्णन नाही, हिंट नाही, कारण आदल्या रात्री काही भरलेलंच नसतं.

माझ्याकडे गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स आहे. दोन डबल-ए सेलवर चालतो आणि कंपनी पंचवीस तास सांगते. फोनला जंगलात ते जमत नाही. जुन्या जीपीएसमध्ये कॅशचं नाव आणि स्थान एवढंच मावायचं, म्हणून लोक पानं छापायचे किंवा खिशात पाम नावाचा वेगळा छोटा संगणक बाळगायचे. २००८ च्या सुमाराला गार्मिनच्या कोलोरॅडो आणि ओरेगॉन या यंत्रांत वर्णन, हिंट आणि आधीच्या लोकांच्या नोंदी पडद्यावर वाचता यायला लागल्या. आता ईट्रेक्समध्येही ते सगळं आहे.

माहिती आणायची ती पॉकेट क्वेरीने. त्यासाठी संकेतस्थळाचं सशुल्क सभासदत्व लागतं. कुठल्या बिंदूभोवती, किती अंतरात, कुठल्या प्रकारचे, किती अवघड, हे सांगितलं की एका क्वेरीत १००० पर्यंत कॅश जीपीएक्स या, जीपीएसला वाचता येणाऱ्या फायलीत मिळतात. रस्त्यालगतचे हवे असतील तर मार्गाची क्वेरी वेगळी करता येते. मी तीन केल्या: एस्टाकाडाभोवती, पोर्टलंड-सिॲटल महामार्गालगत, आणि खिंडीतल्या हायक या ठिकाणाभोवती. ‘सध्या चालू असलेले’ या पर्यायावर खूण करायला विसरू नका, नाहीतर मालकाने दुरुस्तीसाठी बंद ठेवलेले डबेही यादीत येतात. आणि सगळं ओरबाडून घेऊ नका. हजार ठिपके पडद्यावर आले की हवा तो सापडत नाही. अवघडपणा पाचपैकी तीनच्या वरचे मी सरळ गाळले.

जीपीएक्समध्ये वर्णन, हिंट, अवघडपणा, डब्याचा आकार आणि शेवटच्या पाच नोंदी असतात. फोटो नसतात. डब्याची जागा ओळखायला एखादा फोटो महत्त्वाचा असेल तर तो आदल्या रात्री फोनवर उतरवून ठेवायचा.

झिप उघडली की आत दोन फायली दिसतात. एक कॅशची, आणि दुसरी, जिच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूपीटीएस असतं, ती जोडस्थानांची. गाडी कुठे लावायची, पायवाट कुठून सुरू होते, ते त्या दुसऱ्या फायलीत असतं. दोन्ही फायली जीपीएसच्या गार्मिन फोल्डरमधल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकायच्या. यंत्र यूएसबीने जोडलं की पेनड्राइव्हसारखं दिसतं. ईट्रेक्स २२एक्सला जुनी मिनी-यूएसबी केबल लागते, ती बरोबरच ठेवा. आजकाल कुणाच्या गाडीत ती सापडायची नाही.

विंडोज असेल तर जीसॅक हे सॉफ्टवेअर नक्की वापरा. मी तिन्ही क्वेऱ्या त्यात ओतते, दुहेरी आलेले कॅश आपोआप एक होतात. मला त्यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे शेवटच्या चार नोंदींचे रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे सापडला, लाल म्हणजे नाही सापडला. लागोपाठ लाल दिसले की तो डबा बहुधा जागेवर नाही, मग मुलीला घेऊन तिथे पाऊण तास झुडपं ढवळण्यात अर्थ नाही. काही कॅशच्या पानावर मुद्दाम खोटं स्थान दिलेलं असतं आणि खरं स्थान कोडं सोडवून काढायचं असतं. तेही जीसॅकमध्ये दुरुस्त करून ठेवता येतं, म्हणजे बाण खोट्या जागेकडे नेत नाही.

फोनवर मी सी-जिओ वापरते. अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनवाल्या मैत्रिणी कॅशली वापरतात. कुठलंही घ्या, यादी आणि नकाशा दोन्ही वायफायवर असतानाच फोनमध्ये साठवा, मग फोन विमान मोडवर टाकून एक कॅश उघडून बघा. वर्णन दिसलं, नकाशा दिसला, तरच तयारी झाली. जीपीएसमध्येही ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेला फुकट नकाशा मायक्रोएसडी कार्डावर घालून घेता येतो. त्यात जंगलातल्या पायवाटा असतात, यंत्राबरोबर येणाऱ्या नकाशात त्या फारशा नसतात.

बाबा शेजारी बसून हे सगळं बघत होते. “म्हणजे माझी वही तू यात भरलीस,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो बाबा, आणि तुमच्या आधी तिथे गेलेल्या पाच जणांच्या वह्यांचं शेवटचं पानसुद्धा.”

शुक्रवार: पहिला डबा

२ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चुकीचं स्थान दिसायचं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडच्या आग्नेयेला जंगलात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल असं काय काय होतं, आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही. स्थान इंटरनेटवर टाकलं, आणि काही दिवसांत लोकांनी ते शोधलंही. आज त्या जागी धातूची स्मृतिपाटी आहे. स्थान: उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००.

हे आकडे यंत्रात घालताना एक गोष्ट सांभाळा. कॅशचे अंक अंश आणि दशांश मिनिटं असे असतात. १७.४६० ला कुणी १७ मिनिटं ४६ सेकंद समजलं तर साडेपाचशे मीटरहून जास्त उत्तरेला जाईल. यंत्राच्या सेटिंगमध्ये स्थानाचा प्रकार त्याच पद्धतीचा ठेवा आणि डेटम (ज्या मूळ संदर्भावरून स्थान मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४. शेवटचा एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, हे सांगितल्यावर मुलीने यंत्र हातात घेऊन रस्त्याकडेला पुढे-मागे पावलं टाकत तो अंक बदलताना पाहिला. शाळेत शिकलेले अक्षांश तिला तिथे पायाखाली सापडले.

जागा फेलोज रोडला अगदी लागून आहे. गाडी लावायला जागा थोडी आणि रस्ता वळणाचा, मुलांचा हात सोडू नका. भोवती उंच डग्लस फर. तरी यंत्र पाच मीटरची अचूकता दाखवत होतं. बाबा पाटीसमोर बराच वेळ उभे होते. “शंभर मीटर चूक म्हणजे अख्खा माळ शोधायचा,” ते म्हणाले, “आणि आता हे.” आणि त्यांनी हाताने आपल्या पायाभोवती छोटासा गोल काढून दाखवला.

एक सांगून ठेवते: आज जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून कॅश पुरता येत नाही. खणावं लागेल असं वाटलं की आपली जागा चुकली आहे असं समजा.

तिथून सिॲटलचा फ्रीमाँट भाग, साडेतीन-चार तास. मुख्यालयाला जायचं तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. भेटीचे नियम बदलत असतात, तेव्हा क्रमांक जीसीके२५बी च्या पानावर आदल्या आठवड्यात बघून घ्या. आत मोठी लाकडी पेटी आहे, तिच्यात देशोदेशीचे ट्रॅकेबल येतात. ट्रॅकेबल म्हणजे कोरलेला क्रमांक असलेली वस्तू, जी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करत राहते. क्रमांक हाताने लिहून घेण्यात चुका होतात, म्हणून मी फोनवर फोटो घेते. पण तो फोटो कुठेही टाकायचा नाही. क्रमांक बघितला की न हाताळताही कुणी खोटी नोंद करू शकतो, आणि ज्याने ती वस्तू सोडली त्याचं मन मोडतं.

शनिवार: बोगदा

सहलीचा खरा दिवस हा. सिॲटलहून महामार्ग ९० ने पूर्वेला, ५४ क्रमांकाचा एक्झिट, हायक. गाडी लावायला राज्याचा डिस्कव्हर पास लागतो. तिथून मिलवॉकी रोड या रेल्वेकंपनीचा जुना बोगदा सुरू होतो. १९१२ ते १९१४ दरम्यान खणलेला, साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब. १९८० मध्ये गाड्या थांबल्या, आता चालणारे आणि सायकलवाले जातात. आत दिवे नाहीत. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल, बोगदा बंद असतो, म्हणून तारीख बघूनच निघा. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो आणि छतातून पाणी टपकतं. स्वेटर आणि प्रत्येकाची स्वतंत्र बॅटरी हवीच. फोनचा दिवा वापरू नका, तो फोन पुढे लागणार आहे.

आत शिरण्याआधी दोन कामं केली. गाडीची जागा जीपीएसमध्ये खूण करून ठेवली, आणि यंत्रात लिथियमचे नवे सेल घातले, सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही बदलला. तो बदलला नाही तर यंत्र उरलेली शक्ती चुकीची दाखवतं आणि भलत्या वेळी बंद पडतं.

बोगद्यात जीपीएस आंधळा होतो. पन्नास पावलांत ठिपका गोठला. मुलगी घाबरली, “आजोबा, आपण हरवलो?” बाबा म्हणाले, “अगं, बोगद्याला दोनच तोंडं. हरवायचं कुठे?” मग कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, यापेक्षा कितीतरी लांब, हे तिला सांगत सांगत त्यांनी तिला पार पलीकडे नेलं. आम्हाला तासभर लागला. पलीकडच्या तोंडाचा प्रकाशाचा ठिपका खूप आधी दिसतो आणि मोठा व्हायलाच तयार नसतो.

बाहेर पडल्यावर लगेच बाणामागे जाऊ नका. उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, यंत्राला उपग्रह पुन्हा पकडू द्या. आमच्याबरोबर बाहेर आलेला एक गट थेट झाडीत शिरला आणि थोड्या वेळाने परत आला.

हा डबा २००१ मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ठेवलेल्या मालिकेतला आहे. त्या मालिकेतले बहुतेक डबे केव्हाच गेले. हाही २०११ मध्ये नाहीसा झाला होता. पुढे सापडला आणि २०१७ मध्ये कॅश पुन्हा सुरू झाला. शेवटचा टप्पा म्हणजे झाडीतली उभी पायवाट, मुळं आणि ओली माती. इथे ईट्रेक्स २२एक्सची एक मर्यादा बाबांना जाणवली. ते थांबले की बाण भिरभिरायचा. या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, चालत असतानाच त्याला दिशा कळते. ३२एक्समध्ये ते आहे. मी म्हटलं, “बाबा, थांबू नका, दहा-बारा पावलं सरळ चाला आणि मग बघा.” ते जमलं. पण शेवटच्या दहा मीटरला मी यंत्र खिशातच घालायला सांगते. झाडाखाली तेवढी चूक असतेच, तिथून डोळ्यांनी शोधायचं. उभ्या पायवाटेवर एका हातात यंत्र धरून चढणं धोक्याचंही आहे.

डबा बाबांना दिसला. लष्करी दारूगोळ्याची पत्र्याची पेटी. लॉगबुक मात्र कागदाचंच असतं, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. बाबांनी देवनागरीत नाव, गाव आणि तारीख लिहिली. पेन दमट कागदावर उमटेना, माझ्याकडची शिसपेन्सिल कामी आली. कागद सोडलात तरी पेन्सिल सोडू नका.

नोंद तिथल्या तिथे यंत्रात ‘सापडला’ म्हणून केली. बाबांना चार ओळी लिहायच्या होत्या, पण ईट्रेक्सच्या बटणांनी एकेक रोमन अक्षर निवडायला फार वेळ जातो आणि देवनागरी तर येतच नाही. म्हणून त्यांनी फोनवर मराठीत लिहिलं. यंत्रात फक्त सापडला-नाही सापडला, आणि मजकूर फोनवर, ही वाटणी मला आता योग्य वाटते.

परतताना महामार्गालगतच्या एका साध्या कॅशला माझी चूक झाली. हायकच्या क्वेरीची ती दुसरी, जोडस्थानांची फाइल जीपीएसमध्ये टाकायची राहिली होती. बाणाने आम्हाला स्नोक्वाल्मी नदीच्या दक्षिण फाट्यापाशी नेलं. कॅश चारशे मीटरवर, पण नदीच्या पलीकडे. फोनवरच्या साठवलेल्या यादीत गाडी लावायची जागा होती, ती पाहून पुलावरून फिरून गेलो. चाळीस मिनिटं गेली, आणि मुलगी तोवर दमली होती. म्हणून दोन्ही यंत्रांत सगळं भरा, आणि रात्री झोपण्याआधी एखाद्या कॅशचं पार्किंग जीपीएसच्या नकाशावर दिसतंय का ते बघा.

ज्यांना बोगदा नको, त्यांना पश्चिमेकडून, एक्झिट ४७ च्या ॲनेट लेकच्या पायवाटेने वर येऊन जुन्या रेल्वेमार्गाला लागता येतं. चढ आहे, अंधार नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर बोगदाच बरा, तो जवळजवळ सपाट आहे.

यंत्र विकत घ्यायलाच हवं का, असं कुणी विचारलं तर नाही. शहरातल्या आणि बागांतल्या कॅशना फोन पुरतो. पण दिवसभर पावसात, ओल्या हातांनी, नेटवर्क नसलेल्या खिंडीत हिंडायचं असेल तर सेल बदलता येणारं यंत्र हवं, आणि फोन थैलीत कोरडा हवा.

रविवार: न सापडलेला डबा

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. महामार्गापासून थोडं आत, एका ओढ्यावरच्या पुलाखाली एक कॅश होता. जीसॅकमध्ये त्याचे चारही चौकोन हिरवे, म्हणून मी खात्रीने थांबले. अर्धा तास शोधला, मिळाला नाही. काठावरची माती नुकती खचलेली दिसत होती. मी गाडीकडे वळले, पण बाबा म्हणाले, “हेही लिही.” मी म्हटलं, काहीच सापडलं नाही, काय लिहायचं? ते म्हणाले, “आपण वाट चुकलो की वहीत लिहायचो. पुढच्याला तेच जास्त उपयोगी पडायचं.” यंत्रात ‘सापडला नाही’ अशी नोंद केली.

सोमवारी संध्याकाळी जीपीएस जोडला. गार्मिन फोल्डरमध्ये ‘जिओकॅश व्हिजिट्स’ नावाची टेक्स्ट फाइल असते, तीत यंत्रावरच्या सगळ्या नोंदी वेळेसह असतात. ती संकेतस्थळावर चढवली की मसुदे तयार होतात. मग एकेक मसुदा उघडून मजकूर घालायचा आणि पाठवायचा. आमचे चौदा होते. संध्याकाळच्या नोंदींची तारीख एकदा तपासा, आणि प्रोफाइलमध्ये आपला टाइमझोन बरोबर आहे ना ते बघा. सगळे मसुदे एकाच साच्यातल्या ओळीने भरून टाकण्याचा मोह होतो. तसं करू नका, डबा ठेवणाऱ्याला त्या नोंदींशिवाय दुसरं काही मिळत नाही. प्रोजेक्ट एपच्या नोंदीत बाबांच्या मराठी ओळी तशाच घातल्या आणि खाली इंग्रजीत अर्थ दिला. पुलाखालच्या डब्यासाठी आम्ही माती खचल्याचं लिहिलं.

तीन दिवसांनी त्या डब्याच्या मालकाचा निरोप आला. तो जाऊन बघून आला होता. डबा काठाच्या मातीबरोबर ओढ्यात गेला होता. नवा डबा त्याने पुलाच्या दुसऱ्या बाजूला, उंचावर ठेवला होता, आणि पानावरचं स्थानही बदललं होतं. मी क्वेरी पुन्हा चालवली आणि जुनी फाइल जीपीएसमधून काढून नवी टाकली. बाबांचं परतीचं विमान पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी एका रविवारी आम्ही तिघं तिकडे जाऊन येणार आहोत.